पार्सलवर काही लिहिलेलं नसेल

माझे सासरे मूळव्याधीच्या उशा बनवतात. हे वाक्य इतकं सरळ लिहिता येतंय, कारण ते मी लिहितोय. सासऱ्यांनी हा धंदा वीसेक वर्षं केला, पण त्यांच्या तोंडून तो शब्द कुणी ऐकला नव्हता. उशी गोल असते आणि तिच्या मधोमध भोक असतं. तिला ते 'आसन' म्हणायचे. ती ज्याला लागते तो 'गरजू'. आणि ती ज्याच्यामुळे लागते ते नुसतंच 'ते'.

आमचं लग्न ठरलं तेव्हा या धंद्याची बातमी माझ्या मित्रांना लागली आणि त्यांना उकळ्या फुटल्या. अवघड जागा आणि जावई यांच्यावर एक म्हण आहे. ती तुम्हाला ठाऊक आहे. मला ती लग्नाच्या जेवणापासून प्रत्येकाने, जणू आपल्यालाच पहिल्यांदा सुचल्यासारखी, ऐकवली आहे. मी ती इथे लिहिणार नाही.

मी स्वतः पोटासाठी ईमेल पाठवायचो. सहली काढणारी एक कंपनी होती. तिचे मेल लोकांना नको असायचे, पण ते स्पॅमच्या पेटीत न पडता इनबॉक्समध्ये पोचतील अशा बेताने पाठवायचे, हे माझं काम. पुढे कंपनी बसली आणि मीही घरी बसलो. बायको नर्स आहे. दिवसभर लोकांच्या शरीरांशी गाठ, त्यामुळे कुठल्याही अवयवाचं नाव घ्यायला तिला काही वाटत नाही, जेवताना तर मुळीच नाही. तिने एक दिवस ताटावरच विषय काढला.

"बाबांचे मेल कुणाला पोचत नाहीयेत. ऑर्डरी आटल्यात. तू हेच काम करतोस ना?"

"करायचो."

"मग उद्यापासून तिकडे जा. इथे लोळण्यापेक्षा तिथे बस."

मग तिने सगळं सांगितलं. उशीतला फोम वर्ष-दीड वर्षात दबतो. तसा तो दबला की बाबा जुन्या गिऱ्हाइकांना मेल करतात आणि लोक नवी उशी मागवतात. सगळा धंदा या एका सवयीवर उभा होता, आणि गेले काही महिने मेलला उत्तरच येत नव्हतं. औषधांच्या दुकानांना माल पुरवणारी एक मोठी कंपनी उशीचं नाव आणि साचे विकत घ्यायला टपली होती. महिनाअखेर त्यांचा साहेब कागद घेऊन येणार होता. सही झाली की कारखाना बंद, शिवणाऱ्या मावश्या घरी आणि बाबाही घरी.

"ते घरी बसले तर खंगतील," बायको म्हणाली. ती चेष्टा करत नव्हती. तिच्या हातातला घास तसाच होता, आणि ती असं घास धरून थांबली की मी वाद घालत नाही.

सासऱ्यांचा कारखाना म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक लांबट खोली. तीन शिलाई मशिनं, फोमचे गठ्ठे, कापणीच्या टेबलाखाली साठलेला पिवळा भुगा. कोपऱ्यात काचेचं पार्टिशन टाकून केलेलं ऑफिस. त्यात एक खुर्ची बाबांची, तिच्यावर त्यांच्याच कारखान्यातली निळी उशी, नमुन्यादाखल ठेवावी तशी. दुसरी खुर्ची पाहुण्यांची. माझ्या वाट्याला लोखंडी स्टूल आलं. खालच्या दुकानातला कॉम्प्रेसर सुरू झाला की ते स्टूल थरथरायचं.

"आसन देऊ का?" बाबांनी विचारलं.

"मला कशाला?" मी म्हणालो. "मला काय झालंय?"

त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा विचारलं नाही.

मी त्यांचा मेल माझ्याच चार वेगवेगळ्या खात्यांवर पाठवून पाहिला. चारही ठिकाणी तो स्पॅममध्ये पडला. म्हटलं, बघू तरी, बिचाऱ्याने असं काय लिहिलंय. सब्जेक्टच्या जागी होतं, 'फक्त तुमच्यासाठी: ती खासगी गरज, आता रात्रभर सुख'. आत लिहिलं होतं:

'प्रिय गरजू, चारचौघांत बोलता येत नाही अशा गोष्टीसाठी आम्ही गुपचूप सेवा देतो. मऊ, गोल, हव्या त्या मापात. एकदा अनुभव घ्याल तर पुन्हा पुन्हा बोलावाल. घरच्यांनाही कळणार नाही. पार्सलवर काही लिहिलेलं नसेल.'

मी तो दोनदा वाचला. बाबा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

"भाषा थोडी जड झाली का?" त्यांनी विचारलं.

"जड नाही," मी म्हणालो. सासऱ्यांच्या पुढ्यात बसून हे कसं सांगायचं, याचं शिक्षण मला कुणी दिलं नव्हतं. मी मेल छापला आणि संध्याकाळी बायकोच्या हातात दिला.

ती आधी हसली, मग हसता हसता सोफ्यावर आडवी झाली. मग उठली आणि तो कागद घेऊन तडक माहेरी गेली. मागोमाग मीही गेलो, कारण असा प्रसंग चुकवणं जिवावर आलं.

"बाबा, हा मेल वाचून लोकांना वाटेल तुम्ही बायका पुरवता," ती म्हणाली.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि कागद हातात घेऊन एकेक ओळ नव्याने वाचली. 'पुन्हा पुन्हा बोलावाल'पाशी आले आणि त्यांचे कान लाल झाले.

"हे मी सगळ्यांना पाठवलं," ते म्हणाले.

"पाठवलंत. नशीब, पोचलं नाही," मी म्हणालो. "फिल्टरने आपली अब्रू वाचवली."

त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र माझ्याआधी कारखान्यात हजर होते. वही-पेन पुढ्यात घेऊन बसले होते.

"शिकवा," म्हणाले.

मी शिकवायला बसलो. मेल कंपन्यांचा फिल्टर इमारतीच्या दारावरच्या रखवालदारासारखा असतो, म्हटलं. तो तीन गोष्टी बघतो. आलेला माणूस खरंच तोच आहे का, तो आडून आडून बोलतोय का, आणि आतल्या लोकांनी आधी कधी त्याची तक्रार केली आहे का. पहिली गोष्ट माझ्या हातातली होती. आपल्या नावाने दुसरं कुणी मेल पाठवत नाही, याची सर्व्हरवर नोंद करायची असते. ती कुणी केलीच नव्हती, मी चहा निवायच्या आत केली. घोडं अडलं दुसऱ्या गोष्टीपाशी.

"सरळ लिहू," मी म्हणालो. "मूळव्याधीची उशी."

"नाही."

"बाबा, तुम्ही शब्द लपवता म्हणून फिल्टरला भलतंच वाटतं."

"फिल्टरला काय वाटायचं ते वाटो. माणूस ऑफिसात बसलेला असतो. बाजूला साहेब उभा असतो. समोर हा शब्द आला तर त्याने काय करायचं?"

"लाजायचं कशाला? आजार आहे."

"तुम्हाला नाही ना," बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण मशीनवरच्या मावशींनी मान वर करून पाहिलं.

मला राग आला. हा माणूस स्वतःचा धंदा एका शब्दापायी बुडवायला निघाला होता. बुडांच्या जिवावर उभा असलेला धंदा, आणि तो बुडाला. मी तेवढ्यात मनात ही कोटीसुद्धा करून घेतली आणि बायकोला ऐकवण्यासाठी राखून ठेवली.

तेवढ्यात फोन वाजला. बाबांनी उचलला. पलीकडच्याचा आवाज मला ऐकू येत नव्हता, बाबांचा येत होता. "बोला. हो, हो. सावकाश बोला. नाही, काही सांगू नका, कळलं मला. खुर्ची लाकडी आहे की गादीची? गाडी चालवता का? मग मोठं माप. नाही, कुणी विचारत नाही. नाव नुसतं आडनाव द्या." फोन ठेवून त्यांनी माप लिहिलं. पलीकडचा माणूस बहुधा एक वाक्यसुद्धा धड बोलला नव्हता.

मला तेव्हाच कळलं, की हे गृहस्थ लाजाळू आहेत म्हणून शब्द टाळत नाहीत. समोरच्याला लाज वाटू नये म्हणून टाळतात. ते कळूनही माझा हेका मी सोडला नाही, हे वेगळं.

मग तिसरी गोष्ट तपासली, आणि खरी गोम तिथे सापडली. मेल पोचत होते तेव्हापासूनच त्यांची तक्रार होत होती. लोक 'स्पॅम' हे बटण दाबत होते, आणि तीही जुनी, चांगली गिऱ्हाइकं. बाबांना ते जिव्हारी लागलं.

"या बाई दर वर्षी घ्यायच्या," ते पडद्यावरच्या एका नावावर बोट ठेवून म्हणाले. "यांनी का दाबलं?"

मी विचार करत होतो, तेवढ्यात त्यांनीच उत्तर दिलं. "साहेब आला असेल मागून. पटकन मेल घालवायचा असेल."

तसंच होतं. आणि मेल नकोत म्हणून नाव काढून घ्यायची सोय बाबांनी कुठे ठेवली होती? सगळ्यात खाली, राखाडी रंगात, मुंगीच्या अक्षरात. गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून दार लपवलं होतं. मग लोकांनी खिडकी फोडली.

शेवटी दोघांचंही थोडं थोडं राहिलं. सब्जेक्ट लाइन बाबांची. तिच्यात ना तो शब्द, ना गुपचूप, ना सुख. नुसतं 'उशीचं कव्हर कसं धुवावं'. कुणाचाही साहेब मागे उभा राहो. आत मात्र पहिल्याच ओळीत माझं वाक्य: 'तुम्ही आमच्याकडून मूळव्याधीची उशी घेतली होती.' त्याखाली लगेच, ठळक अक्षरात: 'हे मेल नको असतील तर इथे दाबा, आम्ही विचारणार नाही.' मग धुण्याची माहिती, खरीखुरी, मावशींना विचारून लिहिलेली. आणि शेवटी एक प्रश्न, कारण ज्याला लोक उत्तर देतात त्याच्यावर फिल्टरचा विश्वास बसतो: 'तुमची उशी कुठे दबली आहे? एका ओळीत कळवा.'

माझं वाक्य टाइप करताना बाबांनी खिडकीकडे तोंड केलं होतं.

ज्यांनी कित्येक वर्षांत मेल उघडलाच नाही, ते पत्ते काढून टाकायला हवे होते. बंद पडलेल्या पत्त्यांवर मेल पाठवत राहिलं की फिल्टरला आपण बेपर्वा वाटतो. बाबा प्रत्येक नावाशी अडले. हा पेढीवर बसायचा, हिला मुलगी झाली होती, हा ट्रक चालवायचा.

"यांनी का उघडलं नसेल?"

"पत्ता बदलला असेल," मी म्हणालो. "किंवा गेले असतील." त्यांचा चेहरा बघून घाईघाईने पुढे म्हणालो, "किंवा बरे झाले असतील."

"बरे झाले असतील," बाबा म्हणाले. "मग काढा. खुशाल काढा."

त्यानंतर नावं भराभर गेली. प्रत्येक नावाला ते 'बरा झाला' म्हणत होते. एक वय वर्षं नव्वदचे गृहस्थही बरे झाले.

आम्ही थोडे थोडे मेल पाठवू लागलो. आधी अलीकडेच उशी घेतलेल्यांना, मग जुन्यांना, रोज जरा जास्त. एकदम सगळे सोडले की रखवालदार पुन्हा बिथरतो. या काळात माझा मुक्काम त्या स्टुलावर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत असायचा. आधी मी एका बाजूवर कलून बसायला लागलो, मग दुसऱ्या. मग लॅपटॉप कापणीच्या टेबलावर ठेवला आणि उभा राहून काम करायला लागलो.

"बस की," बायको एकदा डबा द्यायला आली तेव्हा म्हणाली.

"उभं राहून काम केलेलं पाठीला चांगलं असतं," मी म्हणालो. "हल्ली सगळे करतात."

ती नुसतं 'बरं' म्हणाली. नर्सने असं 'बरं' म्हटलं की सावध व्हायला हवं, पण मी घाईत होतो.

उत्तरं यायला लागली. आधी एकेका शब्दाची: 'डावीकडे', 'मधोमध', 'सगळीच'. मग लोकांना काय झालं कोण जाणे. आपण तो शब्द एकदा लिहिला म्हटल्यावर बांध फुटला. एकाने दोन पानं लिहिली. एका बाईंनी लिहिलं, 'आजवर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते.' बाबा एकेक वाचायचे, कान लाल व्हायचे आणि प्रत्येकाला स्वतः उत्तर लिहायचे. ऑर्डरीही येत होत्या. पूर्वीइतक्या नव्हत्या, पण तिसरं मशीन पुन्हा सुरू झालं होतं. एवढ्यावर धंदा तगेल की नाही, हे मला सांगता येत नव्हतं आणि बाबांनाही.

महिनाअखेर कंपनीचा साहेब आला. कडक इस्त्रीच्या कपड्यांतला माणूस. पाहुण्यांच्या खुर्चीत बसला आणि कागद पसरले. सही कुठे करायची ते फुल्या मारून दाखवलं होतं. बाबांनी पेन हातात घेतलं आणि बराच वेळ वाचत राहिले. मी पार्टिशनला टेकून उभा होतो.

"आम्ही याला नवं रूप देणार," साहेब म्हणाला. "आजाराबिजाराचं नाव नाही. नुसती आरामदायी गोल उशी. दुकानात मांडायची."

"आणि फोन?" बाबांनी विचारलं. "माप कोण विचारणार?"

"फोन मशीन घेईल. लहान मापासाठी एक दाबा, मोठ्यासाठी दोन."

"आणि माणूस अडखळला तर?"

"अडखळायचं काय त्यात?"

बाबांनी पहिलं पान उलटलं. दुसऱ्या पानावर फुली होती. पेन तिच्यावर टेकलं. मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "जावईबापू, तुमचं काय मत? आणि उभे का? बसा."

"नको, बरं आहे."

"मोठी गोष्ट चालली आहे. बसून बोला."

मी स्टुलावर टेकलो आणि तसाच उठलो. "नाही म्हणजे, बाबा, गेले काही दिवस जरा... तसं विशेष नाही, पण बसताना त्या बाजूला थोडं... म्हणजे होतं कधी कधी असं..."

मशिनं थांबली. तिन्ही मावश्या ऐकत होत्या. साहेब ऐकत होता. बाबा चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते. फोनवर असताना त्यांचा चेहरा जसा असतो, अगदी तसा.

"जावईबापू," ते म्हणाले, "असं लिहिलंत तर स्पॅममध्ये जाल."

एका मावशीने पदर तोंडाला लावला. मला वाटलं जमीन दुभंगावी आणि मी थेट सायकलच्या दुकानात पडावं.

"मूळव्याध," मी म्हणालो. "झाली आहे. मला."

"कधीपासून?"

"मेल पोचायला लागल्यापासून."

बाबांनी पेनाला टोपण लावलं. "पाहिलंत?" ते साहेबाला म्हणाले. "हा शिकलेला माणूस आहे. तोंडाचा फटकळ. घरचा. मलाच हा शब्द लिहायला शिकवणारा. त्याला एवढं बोलायला इतके दिवस लागले. तुमच्या मशीनवर याने कुठलं बटण दाबायचं?"

साहेबाने दरात काही वाढवता येईल म्हटलं. बाबांनी कागदांची चळत नीट जुळवली, त्याच्याकडे सरकवली आणि त्याला जिन्यापर्यंत सोडून आले.

परत आले ते सरळ स्वतःच्या खुर्चीपाशी गेले आणि तिच्यावरची निळी उशी उचलली. इतके दिवस मी ती नमुन्याची समजत होतो.

"मलाही मूळव्याध आहे," बाबा म्हणाले. अगदी साध्या आवाजात, खिडकीकडे न बघता. "पहिली उशी मी माझ्यासाठीच शिवली होती."

या माणसाला मी धडे दिले होते. त्याच्यावर कोट्या केल्या होत्या.

"हिला सांगू नका," मी म्हणालो.

"तिनेच मला सांगितलं. तुम्ही उभं राहायला लागलात त्याच दिवशी."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"आपण विचारायचं नसतं," बाबा म्हणाले. "एकदा विचारायचं, आसन देऊ का. माणूस नको म्हणाला की थांबायचं. तो सांगतो त्याच्या सवडीने."

त्यांनी उशी माझ्या स्टुलावर ठेवली, मधलं भोक बरोबर मधोमध येईल अशी सरकवली आणि तळव्याने दाबून पाहिली.

"बसा," ते म्हणाले. "वापरलेली आहे, पण बसलेली नाही."

मी बसलो. बाबा उभे राहिले.